पानभर वसई

त्या मंगळवारीही हर्बर्टनी तेच पान काढून ठेवलं होतं.

"यात तुझी वसई आहे म्हणे. वाच ना," ते म्हणाले, जणू पहिल्यांदाच सांगत होते.

लीनाने निमूटपणे पुस्तक घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हिंदुस्थान बघायला निघालेल्या साहेबांसाठी लिहिलेलं जाडजूड गाइडबुक. सलग सातव्या मंगळवारी ती वाचू लागली. स्टेशनवर बैलगाडी मिळते, जेवणाचा डबा बरोबर न्यावा, किल्ल्यातली पडकी चर्चेस उन्हं उतरल्यावर बघावीत. चादरी, मच्छरदाणी, गाडीवानाशी किती कडक बोलावं, सगळं होतं. किल्ल्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांबद्दल मात्र एक ओळ नव्हती. साहेबाला दगड दिसले, माणसं दिसली नाहीत, याचा तिला दर वेळी नव्याने राग यायचा.

वसईहून परदेशी शिकायला आलेली ती युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, एका योजनेतून क्लेटन उपनगरातल्या या घरी येऊ लागली होती. तिथल्या काउन्सेलरने पत्ता देऊन एवढंच सांगितलं होतं, हर्बर्ट एक्क्याऐंशीचे आहेत, मंगळवारी दुपारी तासभर जात जा. म्हातारबुवा भलतेच विसरभोळे निघाले. चहा तेवढा वेळेवर करायचे. ईस्टरआधीच्या उपासांत ती गोड खात नाही, म्हणून बिस्किटंही आपणहून आत ठेवायचे. फ्रिजवर चिठ्ठी लावत असतील, असं तिला वाटे.

"तिथे राहतं कोण?" वाचून झालं की ते विचारायचे.

मग ती सांगायची. आधी नुसती केळीची वाडी सांगितली. मग विहीर, मग विहिरीवर मोठमोठ्याने भांडणाऱ्या मावश्या. दर वेळी थोडं पुढे जायची. विसरणाऱ्या माणसाला सांगणं सोपं असतं. घरी जीव लावणारी रूममेट होती, पुण्याची स्वरदा. पण तिने आईची चौकशी केली, की लीना "मजेत आहे" म्हणून विषय बदलायची.

आठव्या मंगळवारी वाचता वाचता तिने पुस्तक मिटलं.

"माझी आई नोव्हेंबरात गेली," ती म्हणाली. "आजारी आहे हे मला ठाऊक होतं. परीक्षा बुडेल म्हणून मी गेले नाही. मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही."

ती हमसून हमसून रडली. हर्बर्ट तिचा हात धरून बसून राहिले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच पान, पुन्हा तोच प्रश्न. लीनाला हायसं वाटलं, थोडं वाईटही वाटलं. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी कमी रडली. घरी जाऊन स्वरदालाही सांगून टाकलं.

जूनमध्ये हर्बर्ट गेले. चर्चच्या दारात त्यांची मुलगी क्लोई उभी होती. लीनाने तिचा हात हातात घेतला.

"त्यांना फारसं काही आठवायचं नाही," ती म्हणाली. "शेवटी तेवढाच त्रास कमी झाला असेल."

"डॅडना?" क्लोई गोंधळली. "त्यांना शेवटपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं. युनीने त्यांना नाव कळवलं होतं, कुणाशीच न बोलणाऱ्या एका मुलीचं. तुझं गाव कळल्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून त्यांनी ते पुस्तक आणलं. तू गेलीस की मला फोन करायचे. म्हणायचे, आज पोरगी विहिरीपर्यंत आली, पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच पान काढतो."