पांढरे मोजे

बाबा गुरांचे डॉक्टर होते. पँटचे पाय पांढऱ्या मोज्यांत खोचून रानभर फिरत आणि गुराख्यांना बजावत, "असंच खोचा. पांढऱ्यावर गोचीड लगेच दिसते. ती चावली तर गुरांना काही होत नाही, माणूस मात्र तापाने जातो." गुराखी त्यांना 'बगळा' म्हणून हसायचे. अडलेल्या गाईचं वासरू सोडवताना तिचं गोचिडीने बाधलेलं रक्त हाताला लागलं आणि त्याच तापाने बाबा गेले. संसर्ग नको म्हणून शवपेटी बंदच मिळाली. आत ठेवायला आणलेले त्यांचे मोजे आईच्या हातातच राहिले. "भीतीने कुणी फिरकणार नाही," ती म्हणाली. पण दफनभूमीच्या गवतात सगळे गुराखी उभे होते, पँटचे पाय पांढऱ्या मोज्यांत खोचून. 'बगळा' नाव ठेवणारा म्हातारा आईवर खेकसला, "वहिनी, गवतात अशाच उभ्या? डॉक्टर ओरडतील ना!" आईने बाबांचे मोजे गुडघ्यापर्यंत चढवले आणि ती ताठ मानेने पेटीमागे निघाली.