डावा कोमट

रोज अकोल्याहून अमरावतीला बसने जाताना गाणी ऐकायची, म्हणून इयरबड्स घ्यायला मी जठारपेठेतल्या चंद्रभानभाऊंच्या दुकानात शिरले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत कूलर घरघरत होता. भाऊंनी नवाकोरा डबा फोडला.

उजवा बड गार होता. डावा कोमट, जणू कुणी आत्ताच कानातून काढून ठेवलेला.

"भाऊ, वापरलेला माल विकून राहिले का तुमी?"

"सीलबंद हाये, ताई. अकोल्याच्या उनात सारंच तापते."

"मंग उजवा काहून नाही तापला?"

त्यांनी दुसरा डबा काढला. त्यातलाही डावाच कोमट. आणि त्याला हिना अत्तराचा वास होता. लग्नात म्हातारे पाहुणे कानात अत्तराचा फाया खोचून बसतात ना, अगदी तसा.

माझा संशय पक्का झाला. तिसरा डबा मी मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा मागितला आणि त्याचं सील माझ्याच नखाने फाडलं. डावा बड बाहेर काढताच हिन्याचा वास काउंटरभर पसरला.

"ठेवा तुमचा माल तुमच्याजवळ!" मी तो बड आदळला. तोवर एकही बड मी कानाला लावला नव्हता.

चंद्रभानभाऊ माझ्याकडे रोखून पाहू लागले. आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता.

"ताई, सोता कानात फाया खोसून येता, अन् नावं आमच्या मालाले ठेवता?"

"मी? मी जन्मात कधी अत्तर लावलं नाही!"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मी डाव्या कानाकडे हात नेला.

बोटांना ओला कापूस लागला. कोमट.