लांबी

डाव्या मडगार्डवर बोटाने टकटक केली आणि मिस्त्रीने तोंड वाकडं केलं. पत्रा टणटण वाजायला हवा, हा बद्द वाजला. म्हणजे आत लांबी, पत्र्यावर भरायची पुट्टी. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, उरलासुरला खड्डा लांबीने बुजवायचा, घासायचा, वर रंग मारायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीने उभा जन्म हाच धंदा केला होता. त्याच्यापासून काय लपणार?

गाडी मात्र लाखात एक. चाळीस वर्षांची पिकअप, मागे आठ फुटी हौदा. बायको रोपं विकायची. हौदा बघून म्हणाली, "एका खेपेत अख्खी नर्सरी मावेल की हो यात," आणि चक्क हसली. अठरा वर्षांत ती अशी किती वेळा हसली, ते मिस्त्रीने बोटांवर मोजून सांगितलं असतं. म्हणून तर त्याने घासाघीस न करता गाडी घेतली. विकणारी जुन्या मालकाची सून होती. "माझ्या लग्नाच्या आधीपासून शेडमध्येच आहे," ती म्हणाली. "सासऱ्यांनी एकदा रंगवून आणून लावली ती लावलीच. पुन्हा किल्लीला हात लावला नाही. का, ते मरेपर्यंत बोलले नाहीत." मिस्त्री मनात म्हणाला, बरंच झालं, आपल्याला इंजिन कोरं मिळालं.

अठरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी सकाळच्या क्लासला सायकलवर निघाली, ती घरी आली नाही. कुठल्यातरी गाडीने उडवली. गाडी थांबली नाही. पोलीस म्हणाले, ती कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये गेली असणार. मग मिस्त्रीने गावोगावची गॅरेजं पालथी घातली. धंद्यातल्या माणसांपुढे हात जोडले. कोणी ताकास तूर लागू दिली नाही. बायको त्या ड्रायव्हरला कधी शिव्या देत नसे. "तो घाबरला असेल," म्हणायची. "पण ज्याने तो पत्रा सरळ केला, तो तर शांतपणे बसून ठोकत होता ना? त्याला मी या जन्मी माफ करणार नाही." मिस्त्री मान डोलवायचा. त्याचंही तेच मत होतं.

त्याने मडगार्डला रंग उतरवायचं औषध लावलं. रंगाला फोड आले, पापुद्रे सुटले. खालच्या करड्या लांबीवर घासल्याचे ओरखडे दिसायला लागले, चांगले जाडजूड. घाईचं काम. बारीक पॉलिशपेपर मारलाच नव्हता. "कोण हा दिवटा," मिस्त्री पुटपुटला आणि चष्मा सावरून वाकला.

ओरखडे डावीकडे झुकले होते.

उजव्या हाताने घासणाऱ्याचे उजवीकडे झुकतात. डावीकडे झुकतात ते डावखुऱ्याचे. आणि त्या सगळ्या भागात डावखुरा पत्रेवाला एकच होता. लोक त्याला डावे मिस्त्रीच म्हणत, आणि "हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ" हा विनोद प्रत्येक गिऱ्हाईक आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करत असे. पण ही गाडी आपण कधी केली? मिस्त्रीला काही आठवेना. एवढ्या लांबलचक हौद्याची गाडी माणूस विसरेल कशी?

त्याने आणखी रंग खरवडला. मडगार्डच्या मधोमध ओरखड्यांची दिशा फिरली. तिथून खाली सगळे उजवीकडे. म्हणजे काम एकाने सुरू केलं होतं आणि दुसऱ्याने संपवलं होतं. मिस्त्रीने आयुष्यात एकच काम असं अर्धवट टाकलं होतं.

मग सगळंच आठवलं. गाडी आलीच नव्हती. त्या सकाळी गॅरेज उघडता उघडता एक माणूस नुसता मडगार्ड सोडवून घेऊन आला होता. फाटकाच्या खांबावर आपटला म्हणाला. खांबाचा मार धारदार असतो, हा पोचा ताटासारखा खोलगट होता. मिस्त्रीने तेव्हाच ते पाहिलं होतं. पण गिऱ्हाईकाला खोदून विचारू नये, हा धंद्याचा नियम. त्याने ठोकलं, लांबी भरली, वाळल्यावर घासायला घेतली. अर्धं घासून होतंय तोच शेजारी धावत आले, दवाखान्यात चला म्हणाले. हातातला पेपर तिथेच टाकून तो पळाला. उरलेलं गॅरेजातल्या जोडीदाराने उरकलं असणार, गिऱ्हाईक मडगार्ड घेऊन गेलं असणार. नंतर त्याने कधी विचारलंही नाही. जगातल्या सगळ्या गॅरेजांत विचारलं, आपल्या गॅरेजात तेवढं राहिलं.

मिस्त्री तिथेच फरशीवर बसला. लांबीचा नवा डबा शेजारीच होता. त्याने डब्यावर हात ठेवला. झाकण काढायचं, दोन थर द्यायचे, पेपर मारायचा. तासाभराचं काम. बायको पुन्हा हसती राहिली असती, रोपं घेऊन बाजाराला गेली असती, आणि या हौद्यात बसून कधीमधी त्या पत्रेवाल्याचं वाटोळं चिंतलं असतं. आपण मान डोलवली असती.

तेवढ्यात ती आलीच, हातात रंगांचं कार्ड घेऊन. "हिरवा ठरला बरं का," म्हणाली. मग तिचं लक्ष मडगार्डकडे गेलं. इतकी वर्षं पत्रेवाल्याच्या संसारात काढल्यावर तिलाही नजर आली होती. ती वाकली, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "अगबाई, किती घाईत उरकलंय हो. कोणाचं म्हणायचं हे काम?"

मिस्त्रीने डब्यावरचा हात काढून घेतला.

"माझं," तो म्हणाला. "आपली पोर गेली, त्या दिवशीचं."