हातावरचा घास

१९७९ साली चिंचवडच्या कंपनीने भिवाला नवं यंत्र शिकायला जपानला पाठवलं. तिथे सुशी या भात-माशाच्या पदार्थाच्या लहानशा दुकानात म्हातारा आचारी आपल्या मर्जीने एकेक घास बनवून गिऱ्हाइकांपुढे ठेवत होता. पहिलाच कच्चा मासा भिवाने कसाबसा गिळला नि तो उठू लागला. “राहू दे, खोलीवर केळी आहेत,” सोबतचे मधुसूदनसाहेब म्हणाले. तेवढ्यात आचाऱ्याने वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भात नि मासा गुंडाळून हात पुढे केला. भिवाने जुन्या सवयीने खाली ओंजळ धरली. आचारी हसला. वाकून त्याने घास भिवाच्या तळहातावर ठेवला, बोटं मिटवली. भिवा म्हणाला, “साहेब, गावात आमच्या ओंजळीत भाकर वरून टाकायचे. ह्यानं हाताला हात लावून दिलं. आता मी मधेच उठणार न्हाई.” त्याने घास चावून गिळला. पुढचे सहा घासही खाल्ले. आचाऱ्याने खुणेने विचारलं, पुरे? भिवाने एक बोट वर केलं, अजून एक.