पन्नास पावलं लांब

हिंदूराव धरणाच्या पाण्यावर हातपाय धुऊन परतला, तर त्याचा तंबू जागेवर नव्हता. मघाशी त्याने तो स्वतः ठोकला होता, मित्रांच्या तंबूंपासून पन्नास पावलं लांब.

बावीस वर्षं त्याची जागा तीच. पहिल्याच मुक्कामात त्याच्या घोरण्याने कुणाचा डोळा लागला नव्हता, म्हणून सकाळी चहा पिता पिता मित्रांनी त्याला एकमताने हद्दपार केलं. "वहिनी, तुम्हाला शिक्षा नाही हं!" वसंता म्हणाला होता. पण शालन हसत नवऱ्यासोबत गेली. तेव्हापासून दर हिवाळ्यात, एका शनिवारी, जेवणं उरकली की दोघं बॅटरीच्या उजेडात आपल्या तंबूकडे निघायची आणि मागून सगळे शिट्ट्या मारायचे.

शालनला जाऊन सात महिने झाले होते. यंदा तो एकटाच आला होता.

आता त्याचा तंबू सगळ्यांच्या मधोमध उभा होता आणि वसंता शेवटची खुंटी ठोकत होता.

"लेकांनो, रात्रभर जागाल!" हिंदूराव ओरडला.

"जागू की. तू घोर बिनधास्त."

हिंदूराव तिथंच खाली बसला. लांबच्या तंबूत कुणाला काही कळलं नसतं. इथं लपणार नव्हतं.

"मी आता घोरत नाही, वसंता," तो म्हणाला. "झोपच लागत नाही." मुलालाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

वसंताने हातोडा बाजूला टाकला आणि त्याच्याशेजारी मांडी घातली.

"कधीपासनं?"

हिंदूराव सांगू लागला.