राक्षसाचं बटण

लालबागच्या चाळीतला गणपतीचा देखावा यंदा टीव्हीच्या जुन्या रिमोटवर चालत होता. चाळीतल्या हितेंद्रने देखाव्याच्या संगणकात, लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये, प्रत्येक हालचालीला एकेक बटण नेमून दिलं होतं. चार दाबलं की राक्षस कोसळायचा. पण समोरच्या खोलीत एकटे राहणारे नाना परुळेकर तसल्याच रिमोटने चार नंबरवर बातम्या लावत, आणि राक्षस वेळेआधीच आडवा होई. त्यात आज परीक्षक यायचे होते.

हितेंद्र नानांच्या दारात जाऊन उभा राहिला. "नाना, तुम्ही कधीच दाबत नाही असं एखादं बटण सांगा ना."

वाचनालयातून निवृत्त झालेल्या नानांनी पुस्तकातून मान वर केली. "सात. त्यावर सासवा-सुनांची रडारड चालते. आपण नाही रे त्या वाटेला जात."

हितेंद्रने लगेच राक्षसाचं मरण सातवर नेऊन ठेवलं.

आठला पाच कमी असताना परीक्षक आले. पडदा सरकला आणि निवेदक खड्या आवाजात सांगू लागला, "या राक्षसाला कुणीच मारू शकत नव्हतं..."



ठीक आठ वाजता राक्षस आपणहून धाडकन कोसळला, अख्खी चाळ नानांच्या खिडकीकडे वळली, आणि आतून घाईघाईने बातम्या ऐकू येऊ लागल्या.