कोऱ्या कापडाची खळ

टेबलावर पाळीत वापरायची सहा कापडी पॅड होती. तीन फुलाफुलांची, दोन चौकड्यांची, एक गडद निळं. शेजारी सुई काढलेली दहा मिलीची सिरिंज, बिटाचा रंग घातलेल्या पाण्याचा पेला आणि टिपकागदाचे चार तुकडे.

पॅड कोगनोळीच्या मालुबाईंनी शिवली होती. गावातल्या पाच बायकांनी मशिनी एका खोलीत मांडल्या, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम. मिळालं तर. सिरिंज आणि कागद त्यांच्या मुलीचे, रचनाचे. ती यंदाच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती.

निपाणीच्या या मुलींच्या वसतिगृहाची गटारं महिन्यात दोनदा तुंबली होती. दोन्ही वेळा आत वापरून टाकलेली विकतची पॅड सापडली, ते वॉर्डन नीलम मॅडमनी स्वतः उभं राहून पाहिलं होतं.

"वीस मिली," त्या म्हणाल्या. "तेवढं आत राहिलं, वरून दाबल्यावर खालचा कागद कोरडा राहिला, तर मुलींना पॅड पुरवायचं काम तुमचं. संध्याकाळी ट्रस्टची बैठक आहे. मला आज सांगायचंय."

रचनाने निळं पॅड कागदावर ठेवलं आणि सिरिंज हळूहळू दाबली. पाणी आत गेलंच नाही. कापडावर गोल थेंब उभे राहिले, एकमेकांना मिळाले आणि कडेवरून टेबलावर उतरले. कागद लाल झाला.

तिने फुलाफुलांचं घेतलं. तेच झालं.

क्लार्क राघवेंद्र खिडकीजवळ उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, ते कंपनीचं सॅम्पल काढू का?"

रचना आईकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "आई, चार वेळा धू म्हणून सांगितलं होतं की न्हाय?"

"सांगितलंस."

"मग?"

"धुवून मऊ पडल्याला माल कोन घेतंय गं? इस्तरी करून आणल्यात. कडा बघ की कशा बसल्यात."

कडा खरंच सुरेख बसल्या होत्या. टिचबटणं एका रेषेत होती.

"मॅडम," रचना म्हणाली, "कापड कोरं आहे. त्याच्यावर गिरणीची खळ असते, ती पाणी आत घेत नाही. चार-पाच धुण्यांत निघून जाते. आम्ही उद्या धुऊन आणतो."

"उद्या उपयोग नाही." नीलम मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि धुतल्यावर शोषेल, हे मी बैठकीत कशावरून सांगू? तुमच्या शब्दावरून?"

रचनाकडे उत्तर होतं, पण ते पुस्तकातलं होतं.

मालुबाईंनी मांडीवरची पिशवी उघडली. जेवणाच्या डब्याखालून हातरुमालाएवढी कापडी घडी काढली, तिचं टिचबटण सोडलं आणि आतलं पॅड टेबलावर ठेवलं. एकेकाळी त्याच्यावर जांभळी फुलं असावीत. आता नुसत्या कडा ओळखू येत होत्या. मधोमध एक फिकट तपकिरी डाग होता.

"ह्याच्यावर घाला पानी," त्या म्हणाल्या. "माझं हाय, असल्याच कापडाचं, मीच शिवल्यालं. दोन वरसं वापरतोय. म्हैना जवळ आला की पिशवीत घालून ठेवतोय."

राघवेंद्र खिडकीची कडी तपासू लागला.

"सायेब, कडी बरी हाय ती," मालुबाई म्हणाल्या. "हिकडं बघा की. तुमच्या घरात बी बायका हाईतच."

नीलम मॅडमना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

रचनाचे कान तापले होते. तिने पॅड उचललं आणि डाग खाली जाईल असं पालथं ठेवलं. मालुबाईंनी ते पुन्हा सुलटं केलं.

"खालचं कापड पानी सोडत न्हाय, त्याच्यावर घालून काय कळनार? आनि डाग दिसला तर दिसू दे. काम केलंय त्यानं."

"धुता कसं?" नीलम मॅडमनी विचारलं.

"गार पान्यात भिजत टाकायचं. गरम पानी घातलं की डाग धरून बसतोय. साधा साबन, आनि कडक ऊन. ते वासाचं निळं लिक्विड तेवढं घालायचं न्हाय. एकदा हौसेनं घातलं हुतं, तर म्हैनाभर पानी पिईना झालं."

"लिक्विडचा थर बसतो," रचना म्हणाली. "खळीसारखाच."

"तेच ते. हिला नाव ठावं हाय, मला धुनं."

रचनाने नवा टिपकागद घेतला. त्यावर आईचं पॅड नीट मधोमध ठेवलं, डाग वर. सिरिंज भरली. पहिले दहा मिली कापडाला टेकताच नाहीसे झाले; फक्त डागाभोवती गुलाबी वर्तुळ पसरत गेलं. दुसऱ्या सिरिंजने वर्तुळ कडांपर्यंत आलं.

"वीस झाले," ती म्हणाली.

"आनि घाल," मालुबाई म्हणाल्या.

"आई, वीसच मागितलेत."

"घाल म्हंटलं न्हवं!"

रचनाने तिसरी सिरिंज रिकामी केली. आता दाबायचं होतं. तिने हात पुढे केला, पण नीलम मॅडमनी तिला थांबवलं. स्वतःच्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि तळवा सरळ त्या पॅडवर ठेवून, खुर्चीतून अर्धवट उठत, शरीराचा भार दिला. राघवेंद्रही वळून पाहत होता.

मग त्यांनी पॅड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि खालचा कागद खिडकीच्या उजेडात धरला.

तीस मिली. कागद कोरडा होता.